मलावीतल्या गावाला नवा बोअर द्यायचा की जुना दुरुस्त करायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली म्हणून सगळ्यांनी मिळून बऱ्यापैकी रक्कम जमवली आहे. बॅचमधला एक जण नोकरीनिमित्त मलावीत, लिलाँग्वेला असतो. त्याने शेजारच्या डोवा जिल्ह्यातलं एक गाव पाहिलंय, जिथल्या बायका ओढ्याच्या पात्रात झिरे खोदून पाणी भरतात. तिथे बोअर मारून हापसा बसवून द्यायचं ठरत होतं, तेवढ्यात कुणीतरी ऐकवलं की आफ्रिकेतले निम्मे पंप बंदच असतात, तिथले लोक काही सांभाळत नाहीत, पैसे पाण्यात जाणार. म्हणून तुम्ही विचारताय, द्यावेत की नाही?

द्या. मात्र नवा बोअरच मारायचा हे एवढ्यात ठरवू नका. तुम्ही बोअर मारण्याचा विचार करताय आणि पैसे वाया जातात की नाही हे ठरतं पाचव्या-सहाव्या वर्षी, पंप पहिल्यांदा मोठा बिघडतो तेव्हा. त्या दिवशी कोण येणार, कुठला सुटा भाग आणणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हा खरा प्रश्न आहे.

मी भूजलाच्या कामातला माणूस. सुरुवात मराठवाड्यात झाली, पुढची बरीच वर्षं मलावी, युगांडा आणि केनियात गेली. त्यातलं पुष्कळ काम नवे बोअर घेण्याचं नव्हतं, इतरांनी घेतलेले का बंद पडले ते शोधण्याचं होतं. त्यामुळे माझी नजर जरा पंचनामा करणाऱ्याची आहे, हे धरून पुढचं वाचा.

आधी त्या ‘निम्म्यां’चा निकाल लावू. ग्रामीण पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय मंचाने २००९ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या वीसेक देशांचे आकडे एकत्र केले, तेव्हा कुठल्याही दिवशी साधारण ३६ टक्के हातपंप बंद असतात असं निघालं. पुढच्या अभ्यासांत हे प्रमाण चारात एकाच्या आसपास आलं. म्हणजे ‘निम्मे’ ही अतिशयोक्ती आहे. पण चारातला एक बंद हेही काही भूषणावह नाही, आणि बंद पडलेल्या प्रत्येक पंपाशेजारी देणगीदाराच्या नावाची पाटी मात्र बहुधा शाबूत असते.

या आकड्यांत एक मेख आहे. ‘चालू’ कशाला म्हणायचं? पाहणीवाला येतो, दांडा दोनदा मारतो, पाणी आलं की खूण करून पुढच्या गावाला जातो. मी गावात गेलो की आधी बाजूला उभा राहून रांग बघतो. वीस लिटरचे पिवळे कॅन ओळीने ठेवलेले असतात. सध्याचा कॅन भरला की सगळ्यांना विनंती करून अर्धा तास पंप थांबवतो (रांगेतल्या आज्या काय म्हणतात ते दुभाष्या मला कधीच पूर्ण सांगत नाही). अर्ध्या तासाने हापसायला सांगतो आणि मोजतो. पाच-सहा वेळा हापसल्यावर धार आली तर खालचा व्हॉल्व्ह आणि पाइप ठीक आहेत. तीस-चाळीस वेळा हापसावं लागलं तर पाणी पाइपातून पुन्हा खाली उतरतंय: एक तर व्हॉल्व्हचं रबर गेलंय, नाहीतर पाइपाला भोक पडलंय. मग धार लागल्यावर कॅन भरायला किती वेळ लागतो ते बघतो. दीड-दोन मिनिटं ठीक. सात-आठ मिनिटं लागत असतील तर अडीचशे माणसांच्या गावात पहाटे तीनपासून रांग लागते आणि अर्ध्या बायका पुन्हा ओढ्याची वाट धरतात. सरकारी यादीत तो पंप ‘चालू’च असतो. इथिओपिया, युगांडा आणि मलावीत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं. धार पुरेशी हवी, वर्षभर हवी आणि पाणी पिण्याजोगं हवं, अशा अटी एकेक करून घातल्या तसतसा चालू पंपांचा टक्का घसरत गेला.

आता बिघाडाची कारणं. इथे जरा रेंगाळतो, कारण पहिल्या कारणाचा आपल्याकडच्या मातीशी थेट संबंध आहे.

आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत जो हातपंप दिसतो तो ‘इंडिया मार्क २’. त्याचं मूळ सोलापूर आणि जालन्याचं. तिथल्या मिशनच्या विहीर-दुरुस्तीच्या कामातून ओतीव लोखंडाच्या तकलादू पंपांना पर्याय म्हणून पोलादी पंप तयार झाले. दांड्याला एकच खीळ, पुढे साखळी, आणि पंपाचा पाया बोअरच्या केसिंगभोवती (बोअर ढासळू नये म्हणून आत बसवलेल्या पाइपाभोवती) काँक्रीटमध्ये गाडलेला. १९७०च्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारने सोलापूरच्या पंपावरून प्रमाणित आराखडा बनवला आणि तो पुढे जगभर गेला. युगांडात त्याला ‘यू-२’ म्हणतात. पंप उत्तमच आहे. पण तो घडला दख्खनच्या काळ्या कातळावर. आपल्या बेसाल्टमधलं पाणी सहसा अल्कधर्मी असतं, त्यात जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, म्हणजे जीआय, पाइप वर्षानुवर्षं टिकतो. आफ्रिका खंडाच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या पठारांवर खाली ग्रॅनाइट आणि नाइससारखा फार जुना खडक, वर त्याच्याच झिजेचा मुरूम. या खडकातलं पाणी अनेक ठिकाणी किंचित आम्लधर्मी असतं. पीएच साडेसहाच्या खाली गेला की तोच जीआय पाइप आतून-बाहेरून गंजतो. मग पहाटे पहिल्या कॅनमध्ये तांबूस पाणी येतं. चहा काळा पडतो, कपड्यांवर डाग पडतात, मक्याच्या पिठाचा ‘न्सिमा’ करडा होतो. बायका म्हणतात, या पाण्याला लोखंडाचा वास येतो, आणि ओढ्यावर जातात. बाहेरच्याला वाटतं, यांना स्वच्छ पाण्याची किंमतच नाही.

हा गंज ओळखायची युक्ती सोपी आहे. पहाटेचं पाणी लाल, पण तासभर हापसल्यावर नितळ होत असेल तर लोखंड पाइपाचं. दिवसभर लालच येत असेल तर ते जमिनीतलं. पहिल्याला पाइप बदलणं हा उपाय आहे, दुसऱ्याला नाही. जीआय पाइप आम्लधर्मी पाण्यात घालू नयेत हे निदान तीस वर्षं माहीत असलेलं ज्ञान आहे. तरी ते घातले जात राहिले, कारण ते स्वस्त पडतात आणि निविदा सर्वांत कमी बोलीची निघते. युगांडा सरकारने अखेर २०१६ मध्ये त्यांचा वापर थांबवला.

मलावीत तुम्हाला बहुतेक ‘आफ्रिदेव’ पंप मिळेल. तो १९८०च्या दशकात मलावी आणि केनियातल्या कामातून तयार झाला. पाइप पीव्हीसीचा, सगळा पंप एकाच पान्याने उघडतो, सील बदलायला पाइप वर ओढावा लागत नाही. गावातल्या दोन बायका तासाभरात सील बदलतात, हे मी अनेकदा पाहिलंय. पण त्याच्याही पाइपातल्या, दांड्याला खालच्या भागाशी जोडणाऱ्या सळया गंजतात आणि दांड्याच्या खिळीभोवतीचे प्लॅस्टिकचे बुश (कड्या) झिजतात. वर्षा-दोन वर्षांत ते बदलले नाहीत तर दांडा डुगडुगायला लागतो, मग खीळ झिजते, आणि किरकोळ भागाचं दुखणं पंपाच्या डोक्यापर्यंत जातं.

दुसरं कारण बोअर मारण्याच्या पद्धतीत असतं. ‘पाणी लागलं तरच पैसे’ असा करार देणगीदाराला सोयीचा वाटतो. ठेकेदार मग गावापासून लांब, खोलगट जागा धरतो, पहिलं पाणी दिसलं की थांबतो, आणि पावसाळा संपता संपता, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, चाचणी उरकतो. तेव्हा भूजल वरच असतं. ऑक्टोबरात पातळी खाली जाते आणि बोअर तासाभरात रिकामा होतो. कागदावर ४५ मीटर आणि प्रत्यक्षात ३५, असंही पाहिलं आहे, कारण बोअर मारताना तिथे उभं राहून पाइप मोजणारं कुणीच नव्हतं.

तिसरं कारण पैसा, आणि इथेच ‘लोक सांभाळत नाहीत’ हा आरोप येतो. १९८०च्या दशकात, आंतरराष्ट्रीय पेयजल दशकात (१९८१-९०), एक कल्पना रुजली: सरकारांकडे पैसा नाही, तेव्हा पंप असा हवा की गावच तो चालवेल आणि दुरुस्तही करेल. कल्पनेत चूक नव्हती. पण तिचा अर्थ हळूहळू असा झाला की पंप दिला, पाणी समिती नेमली, दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, फीत कापली, आता तुमचं तुम्ही बघा. पुण्यात जलवाहिनी फुटली तर कुठल्या सोसायटीची समिती जाऊन ती जोडते?

आपल्याकडचा अनुभव आठवा. १९७४च्या सुमारास भारतातल्या कातळी भागांत पाहणी झाली, तेव्हा चारातले तीन हातपंप बंद सापडले होते. त्यातला मोठा भाग महाराष्ट्र आणि तमिळनाडूचा. तेव्हाचे आपले गावकरी आळशी होते असं कुणी म्हणत नाही. पंप बदलले आणि त्यासोबत देखभालीची सोय झाली: ग्रामपंचायतीची वर्गणी, जिल्हा परिषदेचं दुरुस्ती पथक, गाडी आणि पगारी मेकॅनिक. पथक वेळेवर येत नाही अशी तक्रार आपण अजूनही करतो. पण तक्रार करायला पथक आहे.

मलावीत गावाची समिती दरमहा वर्गणी जमवते. पंप नीट चालू असला की ती हळूहळू थांबते, कारण पेटीत पडून असलेल्या पैशांवर सगळ्यांचाच डोळा असतो आणि बँक तालुक्याच्या गावी. शिवाय हातात रोकड येते मका आणि तंबाखू विकल्यावर, एप्रिलपासून पुढे. जानेवारी-फेब्रुवारी हे तिथले उपासमारीचे महिने, तेव्हा वर्गणी मागणं म्हणजे क्रूरपणा आहे. त्यामुळे कापणीनंतर एकदाच, वर्षाची वर्गणी घेणाऱ्या समित्या मला जास्त टिकलेल्या दिसल्या. सील आणि बुश त्या पैशांतून येतात. सगळ्या सळया आणि पाइप बदलायची वेळ आली की मात्र गावाची ताकद संपते. नेदरलँड्सच्या एका संस्थेने घाना, बुर्किना फासो, मोझांबिक आणि आपल्या आंध्रात खर्चाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचा हिशेब असा की बोअर आणि हातपंप नीट चालू ठेवायला माणशी वर्षाला ३ ते ६ डॉलर लागतात, त्यात मोठी दुरुस्ती आणि देखरेख दोन्ही आलं. हे आकडे २०११च्या भावांचे. अडीचशे लोकांच्या पंपाला म्हणजे वर्षाला ७५० ते १५०० डॉलर. देणगी देणाऱ्यांच्या हिशेबात हा आकडा जवळजवळ कधीच नसतो.

यावर तोडगा निघत नाही असं नाही. केनियात कितुई भागात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी हातपंपाच्या दांड्यात मोबाइलचं छोटं यंत्र बसवलं. दांडा हलायचा थांबला की मेकॅनिकला कळतं. यंत्र ही त्यातली दुय्यम गोष्ट. मुख्य म्हणजे एका स्थानिक कंपनीने अनेक पंपांची जबाबदारी एकत्र घेतली, गावं ठरावीक शुल्क देतात आणि तूट बाहेरच्या निधीतून भरली जाते. पूर्वी दुरुस्तीला आठवडेच्या आठवडे जायचे, ते सरासरी तीन दिवसांच्या आत आलं. आणि पंप लगेच दुरुस्त होतो हे दिसल्यावर लोक पैसे द्यायलाही तयार झाले. सेवा मिळाली की लोक पैसे देतात. उलट क्रमाने हे फारसं घडत नाही.

इथवरचं सार: पंप बहुतेक वेळा लोकांमुळे बंद पडत नाही. चुकीचा पाइप, घाईतला बोअर आणि कुणाचीच जबाबदारी नसलेली मोठी दुरुस्ती, यांनी तो बंद पडतो.

आता ‘परिणाम’ म्हणजे काय हेही जरा बघू, कारण वर्गणीदार विचारतील. पंप बसला म्हणजे मुलांचे जुलाब थांबले, असं धरू नका. पश्चिम केनियातल्या बुसियात दोनशे झऱ्यांवर एक काटेकोर प्रयोग झाला. उघडे झरे बांधून घेतल्यावर झऱ्यावरच्या पाण्यातला मैल्याचा अंश दोन तृतीयांशाने घटला. पण घरातल्या पाण्यात ती घट चौथ्या हिश्शाच्या आसपासच उरली. कॅन, माठ आणि बुडवलेला पेला मध्ये येतात. तरीही मुलांचे जुलाब साधारण चौथ्या हिश्शाने कमी झाले. म्हणजे फायदा खरा आहे, जाहिरातीत असतो तेवढा नाही. बायकांचा वाचलेला वेळ मला त्याहून ठोस वाटतो, आणि तो मोजणंही सोपं. शिवाय पंपाशेजारी क्लोरीनच्या द्रावणाची टाकी ठेवून कॅन भरताना त्यात मात्रा घालायची पद्धत मलावीत आणि केनियात वापरली गेली आहे. तिची भर घातली तर पैशाचं चीज होतं. अर्थात टाकी भरत राहणारं कुणीतरी हवंच.

नवीन काही दाखवण्याच्या मोहापासून तेवढं सांभाळा. मुलांच्या चक्री पाळण्याने पाणी खेचणारा ‘प्लेपंप’ असाच गाजला होता. २००६ मध्ये अमेरिकेत मोठा गाजावाजा करून त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले, २०१० पर्यंत ४००० पंपांचं लक्ष्य ठेवलं. एकेकाची किंमत १४ हजार डॉलरच्या घरात. एका ब्रिटिश वृत्तपत्राने हिशेब मांडला की ठरवलेल्या लोकांना पाणी पुरवायला मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. मलावीतही ते बसले आणि काही ठिकाणी त्यासाठी चांगला चालणारा हातपंप काढला गेला. नंतर म्हाताऱ्या बायका ते चाक हाताने फिरवताना दिसायच्या.

आणि मदतीतून काहीच निघत नाही, असं म्हणणाऱ्याला नारूचं उदाहरण द्या. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी पायातून काडीवर गुंडाळून काढलेला नारू पाहिला आहे. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. जगात १९८६ मध्ये दरसाल अंदाजे ३५ लाख लोकांना तो व्हायचा, बहुतेक आफ्रिकेतल्या खेड्यांत. २०२३ मध्ये साऱ्या जगात माणसांमधले १४ रुग्ण नोंदले गेले. लस नाही, औषध नाही. कापडी गाळणी, तळ्यात टाकायचं कीटकनाशक, आणि गावोगावचे स्वयंसेवक, जे दर महिन्याला रुग्ण मोजतात. हे काम तीन वर्षांचा प्रकल्प संपवून कुणी सोडून दिलं नाही, चाळीस वर्षं रेटलं.

आता तुमच्या पैशांचं. तुमच्या मित्राला जिल्ह्याच्या पाणी कार्यालयात जाऊ द्या. मलावीत हातपंपांची देशभर नोंद झालेली आहे, त्यातून त्या गावाभोवती किलोमीटरभरात कुठले बोअर आहेत आणि कुठले बंद, हे कळतं. बऱ्याचदा जवळच बंद पडलेला बोअर निघतो. त्याची खोली आणि पाण्याची पातळी मोजून घ्या, बोअर धुऊन काढा, पंपाने पाणी उपसून बघा. केसिंग ढासळलेलं असेल किंवा बोअर मुळातच कोरडा असेल तर त्याचा नाद सोडा. पण बोअर ठणठणीत असून वरचाच पंप गेला असेल, तर नव्याच्या थोड्याशा खर्चात तो उभा राहतो आणि त्याच रकमेत आणखी दोन-तीन गावांचं काम होतं. नव्या बोअरला पंपासकट, खडक आणि अंतर पाहून, ५ ते १५ हजार डॉलर धरा.

नवाच घ्यायचा ठरला तर सप्टेंबर-ऑक्टोबरात घ्या, पाऊस सुरू व्हायच्या आधी. जागा भूजलतज्ज्ञाकडून ठरवा, पण जागेबद्दल आधी बायकांशी बोला, ग्रामप्रमुखाच्या अंगणात पंप गेला की बाकीच्या वस्तीला संकोच वाटतो. ठेकेदाराला मीटरप्रमाणे पैसे द्या आणि देखरेखीला त्याचा नसलेला माणूस ठेवा. पीएच, लोह आणि फ्लोराइड तपासल्याशिवाय पाइप आणि सळया खरेदी करू नका.

कुठलाही मार्ग घ्या, जमवलेल्या रकमेतला निदान तिसरा हिस्सा बाजूला ठेवा. तो पुढच्या पाच-सहा वर्षांत देखभालीला द्यायचा, तोही थेट गावाला नाही. मलावीत प्रत्येक भागात प्रशिक्षित ‘एरिया मेकॅनिक’ असतात. एखाद्या स्थानिक संस्थेमार्फत त्यांच्याशी वर्षाचा करार करा: ठरलेल्या तपासण्या आणि पंप चालू राहिला तर पैसे. गावाने कापणीनंतरची वर्गणी द्यायचीच, ती सील-बुशपुरती. मोठ्या दुरुस्तीचा भार तुमचा. वर्गणीदारांना हे पटवणं सगळ्यांत अवघड जाईल, कारण मेकॅनिकच्या पगाराचा फोटो काढता येत नाही.

जाता जाता व्यवहाराचं. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकराची सवलत मिळत नाही, हे बॅचमधल्यांना आधीच सांगा. पैसे कुठल्या मार्गाने पाठवायचे ते सीएला विचारूनच ठरवा, तुमच्या ट्रस्टच्या नावाने परस्पर पाठवू नका, ट्रस्टच्या करसवलतीचा घोळ होऊ शकतो. मित्राकडून जवळच्या बोअरची खोली, ऑक्टोबरातली पाण्याची पातळी आणि पीएच मिळाला की मला कळवा, पाइप आणि सळया कुठल्या घ्यायच्या ते सांगतो.